मनोऱ्यासमोरचे पटांगण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी काहीशा संकोचानेच विचारले, की समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात न्यूयॉर्कमधील एका मद्य कंपनीच्या कचेरीची इमारत कशासाठी? शंका रास्त होती. शेतमालाचे भाव, रोजगार, शिक्षणाचे खासगीकरण हे विषय वाट पाहत उभे असताना वास्तुकलेवर बोलणे हा चैनीचा प्रकार वाटू शकतो. परंतु ‘थोडी जागा लोकांसाठी मोकळी सोडा आणि त्या बदल्यात वर जादा मजले चढवा’ हा जो सौदा आज अनेक महानगरांच्या, आणि आपल्या मुंबईच्याही, नगररचनेत रुजला आहे, त्याची जन्मकथा या इमारतीच्या पुढच्या पटांगणाशी निगडित आहे. सार्वजनिक वित्त हा विषय मी पुष्कळ वर्षे शिकवला. कर, अनुदान आणि भूमीचा खंड यांची सगळी तत्त्वे एकाच भूखंडावर एकत्र भेटावीत, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

ही इमारत म्हणजे सीग्रॅम बिल्डिंग. मॅनहॅटनमध्ये पार्क अव्हेन्यूवर, बावन्नाव्या आणि त्रेपन्नाव्या रस्त्यांच्या दरम्यान ती उभी आहे. १९५८ साली ती पूर्ण झाली. मजले ३८, उंची सुमारे १५७ मीटर. तिचे मालक कॅनडातील ब्रॉन्फमन कुटुंब. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि त्या बंदीमुळे कॅनडातील मद्याला सीमेपलीकडून जी तहानलेली मागणी आली, तिने या घराण्याच्या वैभवाचा पाया भरला. अशा संपत्तीला पुढे प्रतिष्ठेची गरज भासते. सॅम्युएल ब्रॉन्फमन यांनी १९५४ साली कंपनीच्या मुख्य कचेरीचा एक आराखडा करवून घेतला. तो पॅरिसमध्ये राहणाऱ्या त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या कन्येने, फिलिस लॅम्बर्ट यांनी, पाहिला आणि वडिलांना एक लांबलचक, संतप्त पत्र लिहिले. बांधायचेच असेल तर आपल्या काळातील सर्वोत्तम ते बांधा, असा त्याचा आशय. वडिलांनी वास्तुविशारद निवडण्याचे काम तिच्यावरच सोपवले, आणि तिने लुडविग मीस व्हान डर रोह यांची निवड केली. फिलिप जॉन्सन हे त्यांचे सहकारी.

या मीसविषयी आपल्याला थोडे थांबून बोलले पाहिजे. १९१९ च्या जानेवारीत रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीब्क्नेख्ट यांची बर्लिनमध्ये हत्या झाली, हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. त्यांचे जे स्मारक बर्लिनच्या फ्रीड्रिख्सफेल्ड दफनभूमीत १९२६ साली उभे राहिले, त्याचा शिल्पकार हाच मीस. ओबडधोबड विटांचे, पुढेमागे सरकलेल्या ठोकळ्यांचे, भिंतीसारखे ते स्मारक होते आणि त्यावर कोयता-हातोड्यासह पोलादी तारा होता. नाझींनी ते १९३५ मध्ये जमीनदोस्त केले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ मध्ये, हिटलरच्या पाठिंब्यासाठी कलावंतांच्या नावाने जे पत्रक निघाले त्यावर सही करणाऱ्यांतही मीस होता. बाउहाउस या प्रख्यात कलाशाळेचा तो अखेरचा संचालक; ती शाळा १९३३ मध्ये बंद पडली. १९३८ साली तो अमेरिकेत शिकागोला गेला आणि वीस वर्षांनी त्याच्या हातून मद्यसम्राटाचा मनोरा घडला. हुतात्म्यांच्या विटा आणि भांडवलाचे ब्राँझ या दोहोंना त्याने सारखीच निष्ठा वाहिली. काही समीक्षक याला कलेची तटस्थता म्हणतात. मला तो शब्द फार उदार वाटतो. तथापि माणूस डळमळीत म्हणून त्याची कृती टाकाऊ ठरत नाही, हेही आपल्या चळवळीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

कृती विलक्षण आहे यात वाद नाही. गडद तपकिरी काच आणि ब्राँझ यांचा, कोठेही नक्षी नसलेला, एका रेषेत वर गेलेला चौकोनी मनोरा. सुमारे दीड हजार टन ब्राँझ तेथे लागले. त्या इमारतीच्या सर्व दर्शनी अंगांवर तळापासून माथ्यापर्यंत ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या ब्राँझच्या उभ्या पट्ट्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे की इमारतीचा भार यांनीच पेलला आहे. वस्तुतः त्या काहीच पेलत नाहीत. भार पेलणारे पोलाद आत आहे, आणि आगीच्या भयाने घातलेल्या नियमांमुळे ते काँक्रीटमध्ये गाडलेले आहे. नव्या वास्तुकलेची प्रतिज्ञा अशी होती की सजावट नको, सांगाडा जसा आहे तसा दिसू द्या. पण सांगाडा दाखवण्यास कायद्याने मनाई झाली, तेव्हा मीसने सांगाड्याची प्रतिकृती बाहेर टांगली. म्हणजे प्रामाणिकपणाचीच सजावट केली! ब्राँझ उघड्यावर हिरवे पडते. ते पडू नये म्हणून माणसे लावून ते नियमितपणे तेलाने पुसावे लागते. खिडक्यांच्या पडद्यांना तीनच स्थिती दिलेल्या आहेत : पूर्ण उघडे, अर्धे आणि पूर्ण बंद. आत बसलेल्या कारकुनाच्या डोळ्यावर ऊन किती येते याचा निर्णय बाहेरून इमारत कशी दिसेल यावर ठरला. मालकशाही अशा बारीकसारीक ठिकाणीही वस्तीला असते.

आता पटांगणाकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची एक अजस्र इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढवली गेली आणि आसपासच्या इमारतींचे ऊन हिरावले गेले. त्या असंतोषाची परिणती १९१६ च्या कायद्यात झाली. इमारत जसजशी उंच जाईल तसतशी ती रस्त्यापासून मागे सरकली पाहिजे, असा तो नियम. परिणामी पुढची चाळीस वर्षे तेथील बिल्डरांनी उतरंडीच्या आकाराच्या इमारती बांधल्या. कायद्यात एक पळवाटही होती : भूखंडाच्या पाव भागावर मनोरा बांधलात तर तो कितीही उंच न्या. मीसने ही पळवाट घेतली, पण तिच्यातून भलतेच काही निर्माण केले. त्याने मनोरा रस्त्यापासून सुमारे नव्वद फूट मागे नेला आणि पुढची सगळी जागा मोकळी सोडली. गुलाबी ग्रॅनाइटची फरशी, दोन्ही बाजूंना पाण्याची उथळ कुंडे व कारंजी, आणि कडेने हिरव्या संगमरवराचे लांब कट्टे. दोनतीन पायऱ्या चढून गेले की आपण त्या पटांगणात असतो. समोर, रस्त्यापलीकडे, १९१८ साली बांधलेला रॅकेट अँड टेनिस क्लब आहे. श्रीमंत पुरुषांचा खासगी क्लब. एका बाजूला दार बंद असलेला धनिकांचा वाडा आणि दुसऱ्या बाजूला कोणीही यावे असे पटांगण, असा तो देखावा. अर्थात पटांगणाचे मालकही धनिकच.

या पटांगणात बसण्यासाठी एकही बाक ठेवलेला नव्हता. जॉन्सनने पुढे सांगितले आहे की ते कट्टे लोकांनी बसावे म्हणून केलेलेच नव्हते; उलट, बसणारा पाण्यात पडेल या भीतीने कोणी तेथे टेकणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. लोक टेकले. दुपारच्या सुट्टीत कचेऱ्यांतील टंकलेखिका, निरोपे, कारकून डबे घेऊन आले आणि त्या अरुंद काठावर सरकत सरकत बसले. मीसलाही नंतर याचे आश्चर्य वाटले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या अशा जागांवर कॅमेरे लावून लोक कोठे बसतात, किती वेळ थांबतात, कशाने परततात याची नोंद केली. त्याचे पुस्तक आणि चित्रपट १९८० साली आले. त्याच्या निष्कर्षांत एक निष्कर्ष इतका साधा आहे की विद्वानांना तो काढायला वर्षे लागली : जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात. सीग्रॅमचे पटांगण त्याच्या यादीत गजबजलेल्या जागांपैकी होते. आपल्याकडे गावातल्या पारावर कोण बसेल हे कोणा वास्तुविशारदाने ठरवलेले नसते (जातीने मात्र शतकानुशतके ठरवले, हे विसरून पाराचे गोडवे गाऊ नयेत). मी स्वतः काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असता त्या हिरव्या कट्ट्यावर तासभर बसून आलो. गुडघ्यांसाठी तो थोडा ठेंगणा आहे. कोणी उठवले नाही.

आता अर्थशास्त्र्याचा प्रश्न. जगातील सर्वांत महाग जमिनींपैकी एका भूखंडाचा एवढा मोठा तुकडा ब्रॉन्फमनने रिकामा का सोडला? औदार्य होते असे मानायला हरकत नाही. कन्येचा आग्रह तर होताच. पण रिकामी जागा ही सुद्धा एक जाहिरात असते. ज्याला जमीन वाया घालवणे परवडते त्याची पत मोठी. मॅनहॅटनमधील या पटांगणाने सीग्रॅम या नावाला जे मोल मिळवून दिले, ते कोणत्याही वर्तमानपत्रातील पानभर जाहिरातीने मिळाले नसते.

हे मी म्हणतो असे नाही, न्यायालयाने म्हटले आहे. इमारतीचा खर्च सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर झाला. शहराने मालमत्ता करासाठी तिचे मूल्य सुमारे २ कोटी १० लाख धरले. कंपनीने तक्रार केली की भाड्याचे उत्पन्न पाहता हे मूल्यही जास्त आहे. भाड्यावरून हिशेब करा. प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली कंपनी हरली. एवढा खर्च करून जी इमारत नुकतीच बांधली, तिच्यापासून मालकाला भाड्यापलीकडे नावलौकिकाचाही लाभ होतो, तेव्हा केवळ भाडे हे तिचे मोजमाप नव्हे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. वास्तुविशारदांमध्ये मोठा हलकल्लोळ झाला. सौंदर्यावर कर बसवला, आता कोणी चांगली इमारत बांधणार नाही, असे लिहिले गेले. माझ्या मते न्यायालयाचे तर्कशास्त्र बिनचूक होते. चुकीचे होते ते मुळात कराचे तत्त्व. जमीन आणि तिच्यावरचे बांधकाम यांवर एकत्र कर बसवला की चांगले बांधणाऱ्याला दंड होतो आणि जमीन अडवून बसणारा मोकळा सुटतो. पार्क अव्हेन्यूवरची जमीन ब्रॉन्फमनने महाग केली नव्हती. ती शहराने, भुयारी रेल्वेने, लक्षावधी माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याने महाग केली होती. हेन्री जॉर्ज याने हेच सांगितले होते. याच न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी तो १८८६ साली उभा राहिला होता आणि दुसरा आला. तिसरा आलेला उमेदवार थिओडोर रूझवेल्ट होता. जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर कर घेऊन त्या पैशातून शहराने स्वतः पटांगणे करावीत, हा सरळ मार्ग उपलब्ध होता.

शहराने तो घेतला नाही. त्याने १९६१ साली नवा कायदा केला. सीग्रॅमच्या पटांगणाचे यश डोळ्यांसमोर होते, तेव्हा प्रत्येक बिल्डरने तसेच करावे अशी योजना झाली. सर्वाधिक दाटीच्या भागात चटईक्षेत्र भूखंडाच्या पंधरा पट असे मर्यादित केले. पण जो पटांगण सोडील त्याला दर चौरस फुटामागे दहा चौरस फूट जादा बांधकाम, एकूण वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे अठरा पट. समजा भूखंड दहा हजार चौरस फुटांचा आहे. नियमाने बांधकाम दीड लाख. तीन हजार चौरस फुटांवर फरशी घालून ती जागा मोकळी सोडली, की आणखी तीस हजार चौरस फूट कचेऱ्या बांधता येतात आणि त्याही वरच्या, महाग मजल्यांवर. ही इमारत बांधणाऱ्याने जमीनही गमावलेली नाही. ती त्याच्याच मालकीची राहते. यात नाही म्हणणारा बिल्डर विरळाच. जेरॉल्ड केडन या अभ्यासकाने पहिल्या दशकाचा हिशेब मांडला तेव्हा पटांगणावर खर्च झालेल्या एका डॉलरमागे बिल्डरांना सुमारे ४८ डॉलर मोलाची जादा जागा मिळाली असे निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शहराने या व्यवहारात तिजोरीतून एक पैसाही दिला नाही, आणि म्हणूनच तो सर्वांना गोड वाटला. पण काहीतरी दिले गेलेच. रस्त्यावरचे ऊन गेले, भुयारी रेल्वेतील गर्दी वाढली, पाणी आणि मैला वाहून नेण्याचा भार वाढला. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, त्यावर सभागृहात कपातसूचना येत नाही, लेखापरीक्षक त्यावर शेरा मारत नाही. चटईक्षेत्र हे एक चलन आहे आणि ते छापण्याचा छापखाना नगररचना खात्यात आहे. सोन्याच्या तारणाशिवाय नोटा छापल्या की काय होते हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. आकाश छापून वाटले की काय होते हे मात्र तज्ज्ञांनाही शिकवावे लागते. आणि बदल्यात मिळाले काय? बहुतेक ठिकाणी मिळाल्या ओसाड फरशा. सीग्रॅमच्या प्रमाणबद्धतेचा, पाण्याचा, कट्ट्यांचा त्यांत मागमूस नव्हता. कायद्यात मोकळी जागा लिहिली होती, माणूस लिहिलेला नव्हता. काही मालकांनी तर कट्ट्यांवर कोणी टेकू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकले. व्हाइटच्या पाठपुराव्यानंतर १९७५ साली नियम बदलले आणि पटांगणात बसण्याची सोय किती असावी हे कायद्यात आले. चौदा वर्षे गेली.

आणि मग असे उघड झाले की आपण किती पटांगणे विकत घेतली आहेत याचीच शहराकडे पूर्ण नोंद नव्हती! केडन, शहराचे नियोजन खाते आणि एक जुनी नागरी संस्था यांनी मिळून ती नोंद केली आणि २००० साली ती पुस्तकरूपाने आली. ३२० इमारती, ५०३ जागा, त्यांच्या बदल्यात दिलेले जादा बांधकाम १ कोटी ६० लाख चौरस फुटांहून अधिक. या जागांपैकी ४१ टक्के जागांचा लोकांना उपयोग जवळपास नव्हता. सुमारे निम्म्या इमारतींनी कोठे ना कोठे नियम मोडलेले : कोठे उपाहारगृहाची टेबले पसरलेली, कोठे दार कुलूपबंद, कोठे ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी. २०१७ साली शहराच्या हिशेबतपासनिसांनी पाहणी केली तेव्हाही निम्म्याहून अधिक ठिकाणी कबूल केलेल्या सोयी नव्हत्या. वर चढवलेला मजला कोणी उतरवून घेत नाही, खाली सोडलेली जागा मात्र रोज थोडी थोडी परत घेता येते.

सीग्रॅमच्या पटांगणाला अशी बक्षिसी मिळालेली नाही, कारण ते कायद्याच्या आधीचे. तरी त्याच्या पाठीमागच्या इमारतीतही ‘सार्वजनिक’ या शब्दाची एक गमतीची कथा घडली. तळाशी ‘फोर सीझन्स’ नावाचे उपाहारगृह १९५९ साली उघडले. त्यासाठी मार्क रॉथको या चित्रकाराला भित्तिचित्रांचे काम दिले होते; त्याने एकदा तेथे जेवून पाहिले, तेथील दर आणि तेथील मंडळी पाहिली, आणि पैसे परत करून चित्रे स्वतःकडे ठेवली. पुढे इमारत अमेरिकेतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने विकत घेतली (आमच्या व्यवसायबंधूंचा पैसा!). १९८९ मध्ये शहराने इमारतीला आणि उपाहारगृहाच्या अंतर्भागाला वारसा म्हणून संरक्षण दिले, तेव्हा हा निधीच उपाहारगृहाच्या संरक्षणाविरुद्ध न्यायालयात गेला. १९९३ साली तो हरला. कारण कायद्याला लोकांसाठी सामान्यतः खुला असलेला अंतर्भाग हवा होता, आणि उपाहारगृह तसे आहे असे न्यायालयाने मानले. जेथे एका जेवणाला गरिबाचा आठवड्याचा पगार लागावा तेही सार्वजनिक. २००० साली ही इमारत साडेसदतीस कोटी डॉलरला पुन्हा विकली गेली. त्या किमतीत पुढच्या पटांगणावर बसणाऱ्या कारकुनांचा वाटा किती, हे कोणी काढलेले नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडला तो या जागांच्या दुसऱ्या एका भावंडाबाबत. वॉल स्ट्रीटपासून जवळच झुकॉटी पार्क नावाची सुमारे ३३ हजार चौरस फुटांची जागा आहे. १९६८ साली एका पोलाद कंपनीच्या मनोऱ्याला परवानगी देताना झालेल्या करारातून ती लोकांना मिळाली. १७ सप्टेंबर २०११ रोजी वित्तभांडवलाच्या विरोधात निघालेले आंदोलक तेथे येऊन बसले. ते महापालिकेच्या बागेत का बसले नाहीत? कारण बागा रात्री बंद होतात. ही खासगी जागा मात्र करारानुसार दिवसरात्र उघडी ठेवणे मालकावर बंधनकारक होते. भांडवलाने आपल्या मजल्यांसाठी केलेल्या करारातच त्याच्या विरोधकांना दोन महिने आसरा मिळाला. परंतु त्या करारात लोकांनी तेथे काय करावे याविषयी शब्द नव्हता, आणि ती पोकळी मालकाने भरली : झोपू नये, तंबू ठोकू नये, सामान ठेवू नये. १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी जागा रिकामी केली आणि त्याच दिवशी न्यायालयाने मालकाचे नियम वाजवी ठरवले. येण्याचा अधिकार होता, राहण्याचा नव्हता. सभेचा होता की नव्हता हे संदिग्धच राहिले.

आता मुंबई. न्यूयॉर्कची नक्कल येथे शब्दशः झाली असे मी म्हणत नाही, पण चलन तेच आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि चटईक्षेत्राची प्रमाणपत्रे बाजारात विकली जाऊ लागली. सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या आणि जादा मजले घ्या, ही योजना २००८ सालची. त्याहून मोठा सौदा गिरण्यांच्या जमिनींचा होता, आणि तो या सभागृहातील ज्येष्ठांच्या अंगावरून गेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सांगितले. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी ‘मोकळ्या’ जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या इमारती ज्यावर उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. एका शब्दाच्या अर्थाने एकरच्या एकर गेले. आज तेथे काचेचे मनोरे आहेत, त्यांच्या तळाशी चकचकीत पटांगणे आहेत आणि पटांगणांच्या तोंडाशी गणवेशातले पहारेकरी आहेत. ज्या गिरणीच्या फाटकावर आपण द्वारसभा घेत होतो, तेथे आता पत्रक वाटायला उभे राहून पाहावे, म्हणजे झुकॉटी पार्कचा प्रश्न परदेशी वाटणार नाही. एकेकाळी काळ्या घोड्यापर्यंत जाणारे मोर्चे आझाद मैदानात अडवले जाऊ लागले, तीही याच कहाणीची शासकीय बाजू.

काही मित्र म्हणतात, की मग हा सौदाच रद्द करावा. तत्त्वतः मी त्यांच्याशी सहमत आहे. जमिनीच्या मूल्यवाढीवर सरळ कर घ्यावा आणि मोकळ्या जागा महापालिकेने आपल्या नावावर कराव्यात. पण गेल्या तीस वर्षांत जे मजले वाटले गेले ते परत येणार नाहीत, आणि त्यांच्या बदल्यात कागदोपत्री आपल्या पदरात पडलेल्या जागा आज आपल्याच आहेत. त्या कोठे आहेत हेच आपल्याला माहीत नाही. न्यूयॉर्कला आपली यादी करायला एकोणचाळीस वर्षे लागली. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. प्रत्येक प्रभागातील दोन कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील जादा चटईक्षेत्र घेतलेल्या इमारतींची नावे काढावीत. मंजूर नकाशा, परवानगीच्या अटी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागवाव्यात. नंतर मोजपट्टी घेऊन जागेवर जावे : नकाशातील मोकळी जागा किती, प्रत्यक्षात किती, फाटक आहे का, पाटी काय म्हणते, कोणत्या वेळी आत सोडतात, बसायला काही आहे का. पहारेकऱ्याशी वाद घालू नये. तोही कंत्राटी कामगार आहे आणि त्याला बसायला स्टूल दिले आहे की नाही, हेही त्याच कागदावर टिपून घ्यावे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना हे कागद बरोबर आणले, तर अटींचे वाचन कसे करावे याला मी एक पूर्ण सत्र देईन.